दाराच्या नको त्या बाजूला

आमच्या बोक्याला पहाटे पाच वाजता बाहेर जायचं असतं. डोळे चोळत दार उघडावं, तर स्वारी उंबरठ्यावर बसून निवांत पंजा चाटणार. शेवटी वैतागून त्याला बाहेर ढकलायचं आणि दार लावायचं. दोन मिनिटांत पलीकडून ओरबाडणं सुरू.

या स्वभावावर इंग्रजीत एक झकास बालकविता आहे. तिचा कवी टी. एस. एलियट, म्हणजे दुर्बोध म्हणून विद्यार्थी ज्याला टरकून असतात तोच. १९३० च्या दशकात तो मित्रांच्या मुलांना पत्रांतून मांजरांच्या कविता धाडायचा. १९३९ मध्ये लंडनच्या फेबर अँड फेबरने त्यांचं पुस्तक काढलं आणि पुढे त्यावरून ‘कॅट्स’ ही संगीतिका झाली. आपल्या बडबडगीतांतली मनीमाऊ बहुधा एकाच साच्यातली असते, लाडिक आणि दूधपिती. एलियटची मांजरं मात्र एकसारखी एक नाहीत. कुणी अट्टल गुन्हेगार, कुणी नाटकातलं म्हातारं खोड, तर कुणी दाराच्या कायम नको त्या बाजूला असणारा हेकट बोका.

प्रत्येक मांजराचा पिंड वेगळा असतो, हे मोजून दाखवायला शास्त्रज्ञांना बराच वेळ लागला. २०१७ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या २,८०२ मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मालकांनी आपापल्या मांजराला ५२ गुणांवर जोखलं होतं. त्यातून स्वभावाचे पाच पैलू निघाले: बुजरेपणा, चौकसपणा, दादागिरी, उतावळेपणा आणि माणसाळूपणा. अर्थात हे गुण मालकांनीच दिलेले, म्हणजे माया आणि राग दोन्ही त्यात आले. कवी तरी वेगळं काय करतो म्हणा!

एलियटची एक मांजरी दिवसभर नुसती बसून असते आणि घर झोपलं की कामाला लागते. ही अतिशयोक्ती नाही. मांजर दिवसाचे बारा ते सोळा तास झोपेत काढतं, आणि त्याची खरी वेळ म्हणजे तिन्हीसांजा आणि पहाट. उंदीरही तेव्हाच बाहेर पडतात. आपल्याला लागतो त्याच्या साधारण एक षष्ठांश उजेडात मांजराला दिसतं, कारण त्याच्या डोळ्यांत पडद्यामागे आरशासारखा थर असतो. आमची पहाटेची झोपमोड ही अशी वंशपरंपरेने चालत आलेली आहे.

मांजराला तीन नावं हवीत, असं एलियट सांगतो. पण एक तरी नाव त्याला कळतं का? जपानमधल्या अत्सुको साइतो यांनी ते तपासलं. मांजराला आधी त्याच्या नावाएवढ्याच लांबीचे चार साधे शब्द ऐकवायचे आणि पाचवं त्याचं नाव. शब्दांमागून शब्द आले तशी मांजरं कंटाळली, कान हलायचे थांबले. नाव येताच कान पुन्हा टवकारले, हाक अनोळखी माणसाची असली तरी. २०१९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कॅट कॅफेतल्या, म्हणजे मांजरांशी खेळत कॉफी प्यायच्या ठिकाणच्या, मांजरांना मात्र आपलं नाव आणि शेजारणीचं नाव यांतला फरक करता आला नाही. कुणालाही हाक मारली तरी खाऊ सगळ्यांनाच मिळत असेल, तर कोण कशाला लक्ष देईल? आणि कान हलला म्हणजे मांजर येईलच असंही नाही. आमचा तर मान वळवून बघतो आणि पुन्हा झोपतो.

आता दूध. मांजर डोळे मिटून दूध पितं असं आपण म्हणतो, पण खरी गंमत जिभेत आहे. तेव्हा अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत असलेले संशोधक रोमन स्टॉकर यांनी घरच्या मांजराला (नाव कट्टा कट्टा, आपला नाक्यावरचा कट्टा नव्हे) पिताना पाहिलं आणि सहकाऱ्यांसोबत वेगवान कॅमेऱ्याने त्याचं चित्रण केलं. जीभ चमच्यासारखी द्रव उपसत नाही. टोक मागे दुमडून ती पृष्ठभागाला नुसती टेकते आणि झटकन वर येते. तिच्यामागे दुधाची बारीक धार उभी राहते. ती खाली कोसळण्याच्या आत जबडा मिटायचा! सेकंदाला जवळपास चार वेळा हा खेळ चालतो आणि मिशीला थेंब लागत नाही. देह जेवढा मोठा तेवढी ही लय संथ, म्हणून मावशीपेक्षा वाघोबा सावकाश पितात.

दूध गोड लागतं म्हणून मांजर त्यावर तुटून पडतं, हा मात्र आपला गैरसमज. गोड चव ओळखायला दोन प्रथिनांची जोडी लागते. त्यांतलं एक बनवणारा जनुकच मांजरांत निकामी आहे, हे २००५ मध्ये कळलं. वाघ आणि चित्त्यातही तो असाच बिघडलेला आहे. शिवाय बऱ्याच प्रौढ मांजरांना दूध पचत नाही, पोट बिघडतं.

पाडव्याला आमच्या बोक्याने श्रीखंडाची वाटी लख्ख चाटून ठेवली होती. सगळ्यांना वाटलं, गोडघाशा आहे. त्याला लागली असेल ती चक्क्याची स्निग्ध चव. साखर त्याच्या लेखी तिथे नव्हतीच.