पात्रता गुण आणि कट-ऑफ: दोन रेषा, दोन वेगळे हिशेब

यूपीएससीच्या, म्हणजे केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या, नागरी सेवा पूर्व परीक्षेचा निकाल लागला की "यंदा कट-ऑफ फार वर गेला" हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. पण ते म्हणणाऱ्यांतले बरेच जण कट-ऑफपर्यंत पोहोचलेलेच नसतात. ते त्याआधीच, सीसॅटच्या (गणित, तर्क आणि उताऱ्यांवरच्या दुसऱ्या पेपरच्या) ३३ टक्क्यांवर, बाहेर पडलेले असतात. हा फरक नीट कळला नाही, तर पुढच्या वर्षीचा अभ्यासही चुकीच्या जागी होतो. एकेक अटेम्प्ट मोलाचा असताना असं वर्ष वाया गेलेलं बघवत नाही. म्हणून हे सविस्तर.

पात्रता गुण म्हणजे आयोगाने जाहिरातीतच सांगून टाकलेली किमान रेषा. यूपीएससीच्या नागरी सेवा पूर्व परीक्षेत दुसरा पेपर, म्हणजे सीसॅट, २०० गुणांचा. त्यात ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण हवेत. पेपर सोपा निघो की अवघड, बसलेले लाखो उमेदवार कसेही असोत, ही रेषा हलत नाही. खुला प्रवर्ग असो की राखीव, ती सर्वांना एकच.

कट-ऑफ आधी ठरलेला नसतो. मुख्य परीक्षेला साधारण जागांच्या बारा ते तेरा पट उमेदवार बोलवायचे असतात. पहिल्या, म्हणजे सामान्य अध्ययनाच्या, पेपरच्या गुणांनुसार यादी लावली की त्या संख्येवर जिथे रेघ पडेल तो कट-ऑफ. प्रत्येक प्रवर्गाची रेघ वेगळी. २०२३ मध्ये ती खुल्या प्रवर्गासाठी ७५.४१, इतर मागास प्रवर्गासाठी ७४.७५ आणि अनुसूचित जातींसाठी ५९.२५ होती. थोडक्यात, पात्रता गुणांसाठी तुमचा सामना प्रश्नपत्रिकेशी असतो आणि कट-ऑफसाठी बाकीच्या उमेदवारांशी.

खुल्या प्रवर्गाचा कट-ऑफ २०१६ मध्ये ११६ होता, २०१८ मध्ये ९८, २०२१ मध्ये ८७.५४ आणि २०२३ मध्ये ७५.४१. आकडे पाहून "जागा वाढल्या की कट-ऑफ उतरतो" असा सोपा निष्कर्ष काढला जातो. तो अर्धाच खरा आहे. २०२१ मध्ये जाहिरात ७१२ जागांची होती, २०२२ मध्ये जागा हजाराच्या वर गेल्या, आणि तरीही कट-ऑफ किंचित वर, ८८.२२ वर गेला. २०१६ मध्येही जागा हजाराच्या वर होत्या. पहिला पेपर किती अवघड निघाला, याचा परिणाम जागांपेक्षा जास्त होऊ शकतो.

याशिवाय आणखी एक कारण आहे, आणि मला तेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं: या दोन रेषा एकमेकींना ढकलतात. गुणवत्ता यादीत येतात फक्त सीसॅट पार केलेले. म्हणजे सीसॅट अवघड निघाला की पहिल्या पेपरात शंभराच्या आसपास गुण असलेले अनेक जणही स्पर्धेतून वजा होतात. बोलवायची संख्या मात्र तेवढीच राहते, मग यादी खाली सरकते आणि कट-ऑफ उतरतो. २०२३ मध्ये पहिला पेपर अवघड होता, सीसॅटमधलं गणित त्याहून अवघड होतं आणि जागा ११०५ होत्या. तिन्ही गोष्टी एकाच दिशेने ओढत होत्या. त्या वर्षी कट-ऑफ कमी लागला म्हणजे परीक्षा सोपी गेली, असं समजणं उलटं आहे. पहिल्या पेपरात नव्वद गुण असूनही घरी बसलेले उमेदवार त्या वर्षीचेच.

३३ टक्के ऐकायला कमी वाटतात. ८० प्रश्न, प्रत्येकी अडीच गुण. एकही उत्तर चुकलं नाही तर २७ प्रश्नांत काम होतं. पण चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापले जातात, म्हणजे सीसॅटमध्ये दर चुकीला ०.८३. समजा एखाद्याने ६५ प्रश्न सोडवले, ३५ बरोबर आले, ३० चुकले. ८७.५ मधून २५ वजा, उरले ६२.५. निम्म्याहून अधिक उत्तरं बरोबर असूनही तो नापास. त्याच्या शेजारी ४० प्रश्न सोडवून ३२ बरोबर आणणारा ७३ च्या वर गुण घेऊन पास. पात्रता पेपरात जास्त प्रश्नांना हात लावण्याचं बक्षीस नाही, कारण ६७ आणि १६७ यांची किंमत तिथे सारखीच.

पहिल्या पेपरात हा हिशेब चालत नाही. तिथे सुरक्षित आकडा परीक्षेच्या दिवशी कोणालाच माहीत नसतो. यूपीएससी पूर्वचा कट-ऑफ जाहीर करते तो अंतिम निकाल लागल्यावर. पेपर झाल्या संध्याकाळी फिरणारे 'अपेक्षित कट-ऑफ' हे अंदाज आहेत, आणि त्यांच्या भरवशावर मुख्यचा अभ्यास थांबवणं धोक्याचं आहे.

एकच पेपर या बाजूचा त्या बाजूला गेल्याचं उदाहरणही आपल्यासमोर आहे. २०११ मध्ये सीसॅट आला तेव्हा त्याचे गुण यादीत धरले जात. २०१४ मध्ये त्यावरून मोठी आंदोलनं झाली आणि २०१५ पासून तो फक्त पात्रतेपुरता राहिला. एमपीएससीच्या राज्यसेवा पूर्वमध्ये हाच बदल २०२२ पासून लागू झाला. गुण धरले जात होते तोवर गणितात पक्का असलेला सीसॅटच्या जोरावर पहिल्या पेपरातली कसर भरून काढायचा. ती सोय गेली, आणि कला शाखेच्या किंवा ग्रामीण भागातल्या मुलांना थोडा मोकळा श्वास मिळाला. माझ्या मते बदल योग्यच होता. मात्र "आता सीसॅट फक्त क्वालिफाइंग" या वाक्यातला 'फक्त' अनेकांना महागात पडला.

मुख्य परीक्षेतही दोन्ही रेषा आहेत. भारतीय भाषा आणि इंग्रजी हे ३०० गुणांचे दोन पेपर पात्रतेचे. प्रत्येकात २५ टक्के, म्हणजे ७५ गुण लागतात. यातल्या एकात जरी कमी पडलात तरी निबंध, सामान्य अध्ययन आणि वैकल्पिक विषयाचे सातही पेपर विचारात घेतले जात नाहीत. इंग्रजी माध्यमातून शिकलेल्या मुलांनी मराठी लिहिण्याचा सराव सुटू देऊ नये, तो यासाठी.

त्या सात पेपरांचे १७५० गुण मात्र स्पर्धेचे. त्यावर मुलाखतीचा कट-ऑफ ठरतो. २०२३ मध्ये खुल्या प्रवर्गासाठी तो ७४१ होता. मुलाखतीचे २७५ मिळवले की एकूण २०२५. अंतिम रेघ ९५३ वर पडली आणि पहिल्या क्रमांकाला १०९९ गुण होते. इथे प्रत्येक गुण क्रमांक आणि सेवा ठरवतो. पूर्वचे गुण मात्र यात कुठेच धरले जात नाहीत; पूर्वमध्ये ७६ मिळालेला आणि १२० मिळालेला मुख्यला एकाच पायरीवरून सुरुवात करतात.

आयोगाच्या कट-ऑफच्या तक्त्याखाली एक तळटीप असते, तीही वाचा: सातही पेपरांत प्रत्येकी किमान १० टक्के गुण हवेत. २५० पैकी २५ म्हणजे फार नाहीत. तरीही वेळ संपल्यामुळे वैकल्पिक विषयाचा एखादा पेपर जवळजवळ कोरा राहिला, तर बाकी सहा पेपरांची बेरीज कितीही भक्कम असली तरी ती उपयोगाची नाही.