सुगम टीव्ही (दृष्टिबाधितांसाठी)

अंध किंवा अल्पदृष्टी व्यक्तीला कोणाची मदत न घेता सुरू करता येईल, चॅनेल बदलता येईल, ॲप उघडता येईल आणि सेटिंग हाताळता येईल, अशा दूरचित्रवाणी संचाला सुगम टीव्ही म्हणतात. अंध माणसाला टीव्हीचा काय उपयोग, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात बातम्या, क्रिकेट, मालिका आणि कीर्तने मन लावून ऐकणारे अंध प्रेक्षक पुष्कळ आहेत. जुन्या टीव्हीवर त्यांचे फारसे अडत नसे. रिमोटवर आकड्यांची बटणे असत, ‘५’वर बोटाला लागणारा ठिपका असे आणि चॅनेलचे नंबर पाठ असत. स्मार्ट टीव्हीत सारा कारभार पडद्यावरच्या चौकटींमध्ये गेला आणि हाताशी असलेली ही सोय सुटली. ती भरून काढण्याचे मुख्य साधन म्हणजे स्क्रीन रीडर.

स्क्रीन रीडर हा टीव्हीतच असलेला प्रोग्रॅम मेनूतल्या ज्या चौकटीवर आपण असू तिचे नाव बोलून दाखवतो. सॅमसंगच्या संचांत त्याला व्हॉइस गाइड म्हणतात, एलजीत ऑडिओ गाइडन्स, गुगल टीव्ही व अँड्रॉइड टीव्हीवर टॉकबॅक, ॲमेझॉनच्या फायर टीव्हीवर व्हॉइसव्ह्यू आणि ॲपल टीव्हीवर व्हॉइसओव्हर. दुकानात हमखास गोंधळ होतो तो इथेच. ‘बोलणारा टीव्ही दाखवा’ म्हटले की विक्रेता माइकचे बटण असलेला रिमोट पुढे करतो. त्या बटणामुळे टीव्ही आपले बोलणे ऐकतो. पण शोधून काढलेल्या दहा कार्यक्रमांची नावे तो वाचून दाखवत नसेल, तर त्यांतला हवा तो निवडायचा कसा? दोन्ही सोयी असाव्यात. एकीवरच भागवायचे असेल तर स्क्रीन रीडर महत्त्वाचा.

या सोयी सर्रास मिळू लागल्या त्यामागे कायद्याचा रेटा आहे. अमेरिकेत ८ ऑक्टोबर २०१० रोजी दळणवळण व दृक्‌श्राव्य माध्यमांच्या सुगमतेचा कायदा झाला. त्याखालील नियमांनुसार टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्सचे मेनू अंधांना वापरता येण्याजोगे करण्यासाठी २० डिसेंबर २०१६ ही मुदत होती. त्याचा लाभ इतर देशांतल्या ग्राहकांनाही झाला. तरी नुसता ब्रँड पाहून टीव्ही घेऊ नये. एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या मॉडेलांत वेगवेगळी प्रणाली असू शकते, आणि काही स्वस्त संचांत गुगलची मान्यता नसलेले साधे अँड्रॉइड असते. त्यात टॉकबॅक असेलच याची खात्री नाही.

निवडीतला खरा पेच मात्र टीव्हीच्या बाहेर आहे. भारतातल्या बहुतेक घरांत चॅनेल येतात ते डिशच्या किंवा केबलच्या सेट-टॉप बॉक्समधून. हा बॉक्स एचडीएमआयच्या वायरीने टीव्हीकडे तयार चित्र आणि आवाज पाठवतो. चॅनेलची यादी, कार्यक्रमाचे नाव, ‘रिचार्ज संपला’ ही सूचना, हे सारे टीव्हीपर्यंत पोहोचते ते चित्राचा भाग म्हणून. टीव्हीच्या स्क्रीन रीडरला त्यातले एक अक्षरही वाचता येत नाही. त्यामुळे टीव्ही कितीही महाग घेतला तरी बॉक्स मुका असेल, तर चॅनेल बदलताना अंध माणूस पुन्हा पाठ केलेल्या नंबरांवरच येतो. यावर एक मार्ग म्हणजे उपग्रह ट्यूनर (डिशकडून आलेले चॅनेल पकडणारा भाग) आतच बसवलेला टीव्ही. अशा संचांसाठी भारतीय मानक ब्यूरोने आयएस १८११२ : २०२२ हे मानक काढले आहे. बाहेरचा बॉक्स न लावता छतावरच्या डिशमधून निःशुल्क चॅनेल त्यावर दिसतात आणि चॅनेलची यादी टीव्हीच्या स्वतःच्या मेनूत येते. म्हणजे ती वाचली जाण्याची शक्यता निर्माण होते. दुसरा मार्ग म्हणजे बातम्या-मालिका इंटरनेटवरून, ॲपमधून लावणे. तिथेही प्रत्येक ॲप वापरून पाहावे लागते. काही ॲप चौकटींना नावेच देत नाहीत, मग स्क्रीन रीडर नुसते ‘बटण, बटण’ म्हणत राहतो.

चांगला टीव्ही घरात असेल तर तो बदलायची गरज नाही. त्याला फायर टीव्ही स्टिक किंवा ॲपल टीव्ही हा छोटा बॉक्स जोडला की स्क्रीन रीडर मिळतो. फायर टीव्हीवर बॅक आणि मेनू ही बटणे दोन सेकंद एकत्र दाबून धरली की व्हॉइसव्ह्यू सुरू होतो. खर्चाच्या मानाने हा पर्याय अनेकांना परवडणारा आहे.

टीव्ही बसवायला आलेला तंत्रज्ञ दहा मिनिटांत सेटिंग उरकून जातो. स्क्रीन रीडर पहिल्याच टप्प्यावर सुरू करायला त्याला सांगावे आणि रिमोट वापरणाऱ्याच्या हाती द्यावा. वाय-फायचा पासवर्ड पडद्यावरच्या कीबोर्डवर एकेक अक्षर शोधत भरणे जिकिरीचे असते. लॉग-इनसाठी नुसता क्यूआर कोड दाखवणारे ॲपही त्रास देते, कारण मोबाइलचा कॅमेरा नेमका त्यावर धरणे अंधाला अवघड जाते. वाचून दाखवला जाणारा आकडी कोड त्यापेक्षा बरा. रिमोट डोळे मिटून चाचपून पाहावा. आवाजाचे बटण आणि चॅनेलचे बटण बोटाला वेगळे लागलेच पाहिजे. सॅमसंगच्या अनेक संचांत रिमोट शिकण्याची सोय आहे, तिथे दाबलेल्या बटणाचे नाव ऐकू येते.

भाषेची तपासणी मराठी घराने विसरू नये. गुगलच्या वाचनप्रणालीत मराठी आवाज आहे, पण विकत घेतलेल्या संचात तो निवडता येतो का, हे सेटिंगमध्ये जाऊन पाहावे. इंग्रजी आवाजावर ठेवलेला टीव्ही देवनागरीतली नावे गाळू किंवा बिघडवू शकतो. आजी-आजोबांसाठी टीव्ही घेताना हा मुद्दा सर्वांत वर असायला हवा.

अल्पदृष्टी प्रेक्षकांच्या गरजा वेगळ्या. ठळक अक्षरे, गडद पार्श्वभूमी, मेनू मोठा करण्याची सोय आणि खिडकीचा उजेड न परावर्तित करणारा पडदा त्यांना लागतो. फोर-के, म्हणजे अधिक बारीक ठिपक्यांचे चित्र दाखवणाऱ्या, संचाजवळ बसले तरी चित्र फुटत नाही, ही त्यांच्यासाठी मोठी सोय आहे.

पात्रे काय करत आहेत हे संवादांच्या मधल्या जागेत सांगणारे श्राव्य वर्णन नेटफ्लिक्स, प्राइम व्हिडिओ यांसारख्या सेवांवर वेगळ्या ध्वनिपट्टीच्या रूपात मिळते. भारतीय भाषांत त्याचे प्रमाण फार थोडे आहे. दिव्यांगजन हक्क अधिनियम, २०१६च्या कलम ४२मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील श्राव्य वर्णन आणि रोजच्या वापराच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंची सर्वसमावेशक रचना या दोन्हींचा स्पष्ट उल्लेख आहे. मात्र टीव्ही कार्यक्रमांच्या सुगमतेची सप्टेंबर २०१९ची केंद्रीय मानके श्रवणबाधितांपुरतीच होती.