आठवण लिहिताय का लेकरांसाठी गोष्ट?

बालकथा लिहायला नवीन बसलेल्या माणसाचा पहिला मसुदा बघा, बऱ्याचदा ती लहानपणीची आठवण असते. दोन्हीत लेकरू आहे, गाव आहे, आजी आहे, म्हणून लिहिणाऱ्याला वाटतं एकच आहे. पण आठवण मोठ्यांसाठी असते, आणि हा फरक ध्यानात आला नाही तर भाषा कितीबी गोड असू द्या, ऐकणारं पोरगं मधूनच उठून जातं.

आपली येळवस, म्हणजे वेळा अमावस्याच घ्या. लातूर-धाराशिवकडं या अमावस्येला सगळी माणसं शेतात, कडब्याची कोप म्हणजे खोपटं, पाच पांडवांची पूजा, भज्जी, आंबिल, उंडे, पाव्हण्यांची वर्दळ. आठवण लिहिणारा हे सगळं मन लावून लिहितो आणि शेवटी येतो "आता ते दिवस राहिले नाहीत" वर. वाईट नाही ते, मला वाचायला आवडतंच. पण आठ वर्षांच्या पोरीचे कोणते दिवस गेलेत? तिची येळवस तर उद्या आहे!

गोष्ट करायची तर त्या पोरीला, मुक्ता म्हणू, एक काम द्या. आंबिलीचं मडकं पूजेच्या आधी कोपीवर पोचवायचंय आणि वाटेत कुणाचंतरी करडू मागं लागलंय, हाकललं तरी जाईना, त्याचं घर शोधावं तर पूजेला उशीर, सोडून जावं तर रस्त्यावर ट्रॅक्टर. आता आंबिलीची चव दोन ओळींत उरकते, कारण वाचणाऱ्याला पुढचं पाहिजे असतं. इथं काका मोटारसायकलवर आले आणि सगळं निस्तरलं असं लिहायचा लई मोह होतो. नका लिहू. मुक्तानंच वाट काढावी, चुकलं तरी तिचंच चुकावं.

ऊसतोडीच्या लेकरांवर लिहिताना तर हे फार जपावं लागतं. बीडकडून आईबापासोबत कारखान्यावर गेलेलं पोरगं, सुटलेली शाळा, थंडीतली कोपी... हे वाचून मोठ्यांचे डोळे भरतात, आणि ते लिहिलंच पाहिजे, पण ते मोठ्यांसाठी. तेच पोरगं स्वतः वाचायला बसलं तर त्याला स्वतःची कीव कशाला वाचायचीय? त्याला त्या फडातला हुशार, भांडणारा, काहीतरी बेत रचणारा पोरगा पाहिजे.

कुणी म्हणेल, श्यामची आई पण आठवणच आहे की. आहे ना, साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली. पण पोहायला घाबरून लपलेला श्याम बघा, ती भीती आत्ताची वाटते, पुढं काय होणार म्हणून लेकरू थांबतं. म्हणजे आठवणीतून गोष्ट होते, फक्त मोठेपणी आलेला शहाणपणा बाजूला ठेवून त्या वयाच्या डोळ्यांनी बघावं लागतं, आणि मला तरी हेच सगळ्यात अवघड वाटतं.

ओळखायचं कसं? मोठ्यानं वाचून दाखवा. मोठी माणसं "आमचंबी अगदी असंच होतं" म्हणाली आणि लेकरं चपलीशी खेळत बसली तर आठवण झाली. लेकरांनी मधेच "मग?" विचारलं तर गोष्ट जमायलीय. आणि सोबत बालभारतीचं किशोर मासिक वाचत चला, १९७१ पासून निघतंय, जुने अंकही नेटवर फुकट आहेत. त्यातल्या एकेका गोष्टीत लेकराला काय पाहिजे हे कितव्या ओळीत कळतं तेवढं बघा, मग आपला मसुदा पुन्हा काढा.