जळाऊ आणि इमारती : विदर्भातील सरपण, आरा आणि चुलीची पार्श्वभूमी

पूर्व विदर्भातल्या कोणत्याही वन आगारात लाकूड दोन ठिकाणी रचलेले दिसते. एकीकडे सागाचे, ऐनाचे, बिज्याचे लठ्ठे जाडीनुसार लावलेले असतात आणि प्रत्येकाच्या कापलेल्या तोंडावर हातोड्याचा ठसा, क्रमांक, लांबी व गोलाई नोंदलेली असते. दुसरीकडे वाकड्या फांद्या, शेंडे आणि बुंध्याचे तुकडे यांची बिटे, म्हणजे रचलेले ढीग, लागलेली असतात. पहिल्याला इमारती म्हणतात, दुसऱ्याला जळाऊ. एकाच झाडाचे हे दोन भाग वेगळ्या कागदावर, वेगळ्या दराने, वेगळ्या माणसांकडे जातात. गावात मयत झाली तर सरणासाठी लाकूड कुठून आणायचे, घरच्या बाभळीचे खोड चिरायला तालुक्यापर्यंत का न्यावे लागते, सिलिंडर घरात असूनही चूल का पेटते, हे आजचे प्रश्न या विभागणीचा इतिहास पाहिल्याशिवाय नीट कळत नाहीत.

सुरुवातीलाच हे लक्षात घेतले पाहिजे की सरपणाच्या बाबतीत विदर्भ एक नाही. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला आणि तेथे रयतवारी लागू झाली. मेळघाट वगळता हा मुलूख मुख्यतः काळ्या जमिनीचा आणि कापसाचा. नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला, आणि वर्ध्यापासून भंडारा-चांद्यापर्यंतच्या (चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर) गावांत मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा भरणाऱ्या मालगुजाराला गावाचा मालक मानण्याची पद्धत पक्की करण्यात आली. त्यामुळे अकोला-यवतमाळकडची चूल पऱ्हाट्यांवर आणि तुराट्यांवर, म्हणजे कापसाच्या आणि तुरीच्या वाळल्या काड्यांवर, पेटत आली, तर वैनगंगेकडची चूल जंगलावर. सरपण शेतातून येते की रानातून, यावर बायकांचे श्रम, चुलीचे तोंड आणि सरकारशी येणारा संबंध, हे सारेच बदलते.

मालगुजारी गावात जंगलाचा काही भाग मालगुजाराच्या मालकीचा मानला गेला, पण त्या जंगलातून घरापुरते जळतण, नांगर-वखराला लाकूड, घराला फाटे आणि कुंपणाला काटे आणण्याची गावकऱ्यांची रीतही मान्य करण्यात आली. या रीतीला ‘निस्तार’ हा शब्द आहे. गावाच्या चालीरीती ‘वाजिब-उल-अर्ज’ या कागदात लिहिल्या जात आणि त्यात निस्तारही येई. माझ्या मते विदर्भातल्या लाकडाच्या इतिहासातला हाच सर्वांत महत्त्वाचा शब्द आहे, कारण त्यात जळाऊ आणि इमारती असा भेदच नव्हता. गरज घराची आणि शेतीची होती. लाकूड चुलीत जाते की छपरावर, हे नंतर पाहायचे.

भेद आला तो रेल्वेमुळे आणि वनखात्यामुळे. १८६४ मध्ये वनखाते स्थापन झाले, १८६५ मध्ये पहिला आणि १८७८ मध्ये अधिक कडक वन कायदा झाला. १९२७ चा कायदा त्याच पायावर उभा आहे. मुंबईची रेल्वे १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचली होती, आणि रुळांखाली टाकायला टिकाऊ लाकडाचे स्लीपर लागत होते. सागासारखी झाडे सरकारच्या दृष्टीने एकाएकी मौल्यवान झाली. आलापल्ली आणि सिरोंच्याकडची सागाची जंगले राखीव झाली, तोडणीसाठी जंगल कूपांत, म्हणजे आखून दिलेल्या पट्ट्यांत, वाटले गेले, आणि प्रत्येक कूपातून निघालेल्या मालाची इमारती व जळाऊ अशी प्रतवारी होऊ लागली. त्या भागातल्या सागाची कीर्ती आजही टिकून आहे. अयोध्येच्या राम मंदिराच्या दारांसाठी लागलेले सागवान २०२३ मध्ये बल्लारपूरहून पाठवले गेले.

स्वातंत्र्यानंतर १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली आणि १९५१ मध्ये मालगुजारांची जंगले सरकारजमा झाली. जमीनदारी जाणे न्यायाचेच होते. पण निस्ताराचा हिशेब ज्या मालगुजाराशी आणि ज्या गावाशी होता तो आता खात्याशी सुरू झाला, आणि हक्काच्या जागी हळूहळू परवाना, मग सवलतीचा दर, मग निस्तार डेपो आला. १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला तरी निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांच्या तरतुदी टिकल्या; १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत त्या केवळ विदर्भापुरत्या आहेत. कागदोपत्री ‘झुडपी जंगल’ म्हणून लिहिलेल्या जमिनी हे याच इतिहासाचे आणखी एक अपत्य. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांतली ही खुरट्या झुडपांची, गुरे चारायची आणि काड्या वेचायची रानेही वनजमीनच आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी स्पष्ट केले.

चुलीचा इतिहास या साऱ्याच्या सावलीत घडला. लाकूड मुबलक असेल तिथे चूल सुधारण्याची निकड वाटत नाही. धावडा आणि बाभूळ संथ जळतात, निखारे धरतात, आणि वैलावर ठेवलेले वरण त्या उरलेल्या उष्णतेवर शिजते. पऱ्हाटीचे तसे नाही. ती भसकन पेटते, ज्वाळ मोठी देते आणि विझते; भाकरी करणाऱ्या बाईला एक हात तव्यावर आणि एक हात चुलीच्या तोंडाशी ठेवावा लागतो. ओले लाकूड याहून वाईट, कारण ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकते आणि आधी ते पाणी उकळण्यातच आच खर्च होते. मृगाच्या आधी सरपण फोडून कोठ्यात किंवा सपरीत रचून ठेवण्याची जुनी शिस्त याच कारणाने पडली आहे.

धुराचा प्रश्न गांभीर्याने हाती घेणाऱ्या देशातल्या आरंभीच्या ठिकाणांपैकी एक वर्धा होते, याचा विदर्भाने अभिमान बाळगावा. १९३४ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने आणि जे. सी. कुमारप्पा यांच्या संघटनेखाली अखिल भारत ग्रामोद्योग संघ वर्ध्याच्या मगनवाडीत सुरू झाला. तेथील कामातून पुढे ‘मगन चूल’ आली : बंदिस्त मातीची, एकाच जाळावर एकाहून अधिक भांडी ठेवता येणारी, आणि धूर नळीवाटे छपराबाहेर नेणारी. १९८३ मध्ये केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि तो २००२ पर्यंत चालला. निर्धूर चुली गावोगाव बसल्या, पण नळी काजळीने बुजली की ती साफ कोण करणार, याचे उत्तर कार्यक्रमात नव्हते. शिवाय चुलीचे तोंड फोडलेल्या लाकडाच्या मापाने बांधलेले असेल तर लांबच लांब पऱ्हाटी त्यात बसत नाही, आणि ती मोडून बारीक करण्याचे काम पुन्हा बाईवरच येते. चूल इंधनाच्या मापाने घडली पाहिजे, ही मातीची चूल घालणाऱ्या प्रत्येक म्हातारीला ठाऊक असलेली गोष्ट योजनेत मागे पडली. अलीकडे पऱ्हाटीला आणखी एक अडचण आली आहे : उरलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते, म्हणून घराशेजारी किंवा बांधावर पऱ्हाट्यांचे ढीग रचू नयेत, असा सल्ला कृषी शास्त्रज्ञ देतात. वऱ्हाडातल्या घराने वर्षभराचे सरपण मग कुठे ठेवायचे?

आऱ्याकडे वळू. यंत्र येण्याआधी लठ्ठा खड्ड्यावर आडवा ठेवून एक माणूस वर आणि एक खाली उभा राही आणि दोघे मिळून करवत ओढत. पुढे इंजिनावर आणि मग विजेवर चालणारी आरामशीन आली आणि तालुक्याच्या गावांत लाकूड चिरणे तासाभराचे काम झाले. मोजण्याची रीत मात्र जुनीच राहिली. लठ्ठ्याच्या मध्याशी दोरी गुंडाळून गोलाई घेतात, तिला चारने भागतात, आलेल्या आकड्याचा वर्ग करतात आणि लांबीने गुणतात. चार फूट गोलाईचा, दहा फूट लांबीचा लठ्ठा या हिशेबाने दहा घनफूट भरतो, तर त्याचे खरे घनफळ पावणेतेरा घनफुटांच्या जवळ असते. म्हणजे पाचव्या हिश्शाहून थोडे अधिक लाकूड मापात धरलेच जात नाही. चौकोनी चिरताना साल, कडेच्या फळ्या आणि भुसा यांत ते जाणार, असे गृहीत असते.

या गृहीत धरलेल्या नुकसानीवर कितीतरी घरांचा स्वयंपाक चालला. भुशाची शेगडी आता क्वचित दिसते, म्हणून तिची रीत लिहून ठेवण्याजोगी आहे. पत्र्याच्या डब्याला तळाशी एका बाजूने भोक पाडायचे. त्या भोकातून एक गोल दांडा आडवा आत सरकवायचा, डब्याच्या मधोमध दुसरा दांडा किंवा बाटली उभी धरायची आणि भोवती कोरडा भुसा मुठीने दाबून, थरावर थर देत काठोकाठ भरायचा. मग उभा दांडा हलकेच फिरवून वर काढायचा आणि आडवा बाहेर ओढायचा. भुशात काटकोनात वळलेली पोकळी तयार होते. खालच्या भोकातून पेटती काडी सारली की पोकळीच्या भिंती आतून जळू लागतात आणि पुढचे काही तास फुंकणीची गरज पडत नाही. भुसा दाबण्यात कसर राहिली तर मात्र तो ढासळतो आणि सगळे घर धुराने भरते.

आरामशीनवर मोठा परिणाम झाला तो १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने. जंगलतोडीविरुद्धच्या गोदावर्मन खटल्यातील या आदेशाने वनाची व्याख्या व्यापक केली आणि विनापरवाना आरागिरण्यांवर बडगा आला. २००२ मध्ये नव्या गिरण्यांसाठी केंद्रीय समितीची पूर्वपरवानगी आवश्यक ठरली, आणि २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनंतर हे काम राज्यस्तरीय समित्यांकडे आले. जंगल वाचवण्यासाठी हे गरजेचे होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण परवान्यांची संख्या गोठल्यावर ज्याच्या बांधावर स्वतःचे झाड आहे अशा शेतकऱ्यापासूनही आरा दूर गेला. झाड तोडण्याचे नियमन त्याआधीच १९६४ च्या कायद्याने केले होते. त्याच्या यादीत साग, मोह, आंबा, चिंच, ऐन, बिजा, हळदू यांसारखी सोळा झाडे आहेत. आदिवासी शेतकऱ्यांची झाडे व्यापारी कवडीमोलाने नेत असत, म्हणून १९६९ मध्ये त्यांच्यासाठी वेगळा कायदा करावा लागला.

आरा दूर गेल्याच्या पोकळीत चेन सॉ, म्हणजे गावाच्या भाषेत कटर मशीन, शिरली. तिचा जन्म विदर्भापासून फार दूरचा. १९२० च्या दशकात जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी विजेवर चालणारी, दोन माणसांनी धरायची साखळी करवत बनवली. १९४६ च्या सुमारास अमेरिकेत ओरेगॉनमध्ये जोसेफ कॉक्स यांनी लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याची अळी डावीकडे आणि उजवीकडे आळीपाळीने चावे घेत पुढे कशी सरकते हे पाहून साखळीचे दात बनवले, आणि आजची साखळी त्याच तत्त्वावर चालते. टू-स्ट्रोक इंजिनाला नुसते पेट्रोल चालत नाही. तेलाच्या प्रतीनुसार लिटरमागे वीस ते चाळीस मिलिलिटर तेल मिसळावे लागते, आणि ते विसरले तर पिस्टन जाम होऊन यंत्र निकामी होते. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतली ओल धरते, म्हणून मिसळलेले इंधन महिनोन्महिने कॅनमध्ये ठेवू नये.

काही जण शेतातच चेन सॉने फळ्या पाडतात. वाहतूक वाचते, पण लाकूड जाते. साखळीची चीर आठ मिलिमीटरच्या आसपास रुंद, तर आरामशीनच्या पट्ट्याची दोन ते तीन. एक इंची दहा फळ्यांसाठी नऊ चिरा द्याव्या लागतात. चेन सॉने त्यात जवळजवळ तीन फळ्यांचे लाकूड भुसा होते, पट्ट्याने फार तर एका फळीचे. तो भुसाही तेलकट असतो, शेगडीच्या कामाचा नसतो.

सिलिंडरने चुलीचा भार हलका केला आहे. ताडोब्याच्या आसपासच्या गावांत सरपणासाठी रानात जाणे म्हणजे वाघाच्या वाटेत जाणे, म्हणून २०१५ पासून जन-वन विकास योजनेतून तेथे ७५ टक्के अनुदानावर गॅस जोडण्या दिल्या गेल्या, आणि १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली. अंघोळीचे पाणी, गुरांचे आंबोण, लग्नाचा स्वयंपाक आणि सरण यांना मात्र लाकूड लागतेच.

‘निस्तार’ हा शब्द २००६ च्या वनहक्क कायद्यात सामूहिक हक्क म्हणून पुन्हा आला, आणि गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही तेथील ग्रामसभेकडे आला. वनहक्क कायद्यातल्या गौण वनोपजाच्या, म्हणजे इमारती लाकडाखेरीजच्या जंगलातल्या उत्पन्नाच्या, व्याख्येत बांबू आहे, झुडपी काड्या आहेत, बुंधे आहेत. इमारती लाकूड नाही.