नमुना तपासणीचा अहवाल कसा वाचावा

अन्नपदार्थांचे नमुने आमच्याकडे पाठवणाऱ्या ग्राहकांना एक गोष्ट आरंभीच सांगणे आम्हाला आवश्यक वाटते: अहवाल हा प्रयोगशाळेत आलेल्या नमुन्याचा असतो, साऱ्या मालाचा नव्हे. साल्मोनेला या अन्नातून आजार पसरवणाऱ्या जिवाणूची तपासणी सामान्यतः २५ ग्रॅम पदार्थावर होते, त्यामुळे ‘आढळला नाही’ या शेऱ्याचा अर्थ त्या २५ ग्रॅममध्ये तो आढळला नाही, एवढाच होतो. मोठ्या मालात शंभरामागे एक पाकीट दूषित असेल आणि कोणतीही पाच पाकिटे काढून तपासली, तर दूषित पाकीट हाती न लागण्याची शक्यता सुमारे ९५ टक्के असते.

याच कारणाने आरोग्य निरीक्षक स्वच्छ अहवालावर न थांबता शीतपेटीच्या तापमानाची नोंदवही मागतात, कच्चे आणि शिजवलेले पदार्थ वेगळे ठेवले आहेत का ते पाहतात, आणि शिजवलेले अन्न किती वेळात थंड केले जाते हे विचारतात. हा शेवटचा प्रश्न आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात बहुतेक घातक जिवाणू वाढू शकतात, आणि खोल भांड्यातील अन्नाचा मधला भाग तासन्‌तास याच टप्प्यात राहतो. बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याचे कणखर सुप्त रूप, शिजवल्यानंतरही तग धरतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियसची गोष्ट याहून फसवी आहे, कारण अन्न पुन्हा उकळल्यावर जिवाणू मरतात, पण त्यांनी आधीच तयार केलेले विष उष्णतेने सहजासहजी नष्ट होत नाही. अशा नमुन्यातील जिवाणूंची संख्या कमी भरते आणि तरीही ते अन्न खाणाऱ्याला उलट्या होऊ शकतात. म्हणून पदार्थ पुन्हा गरम केलेला असल्यास तसे नमुन्यासोबत अवश्य लिहून द्यावे, ही आमची आग्रहाची विनंती आहे.

नमुना निर्जंतुक डब्यात, निर्जंतुक चमच्याने घ्यावा, आणि त्यावर बॅच क्रमांक, वेळ व तापमान नोंदवावे. ताजा पदार्थ ५ अंशांच्या खाली ठेवून शक्यतो २४ तासांत आमच्याकडे पोहोचवावा. तो गोठवू नये, कारण गोठवल्याने काही जिवाणू मरतात आणि संख्या खऱ्यापेक्षा कमी दिसते.

जिवाणू वाढवून पाहण्याच्या पारंपरिक संवर्धन पद्धतीने साल्मोनेला नसल्याचे सांगण्यासही साधारण तीन दिवस लागतात. संशय आल्यास खातरजमेसाठी आणखी वेळ जातो. निष्कर्ष येईपर्यंत तो माल विक्रीस काढू नये.

अहवाल प्रतिकूल आल्यावर काही ग्राहक त्याच बॅचचा दुसरा नमुना पाठवतात आणि तो स्वच्छ निघाला की पहिला रद्द झाला असे मानतात. जिवाणू पदार्थात एकसारखे पसरलेले नसतात, त्यामुळे दुसऱ्या नमुन्यात ते न सापडणे स्वाभाविक आहे, आणि त्याने पहिला निष्कर्ष खोटा ठरत नाही. अशा वेळी माल रोखून आम्हाला तापमानाच्या नोंदी दाखवाव्यात. दोष कोणत्या टप्प्यावर शिरला असावा, याचा शोध आम्ही आपल्यासोबत घेऊ.