जुगाराचं नुकसान मोजायला कधी सुरुवात झाली?

ऑगस्ट २०२५मध्ये संसदेनं पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या सर्व ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला. त्या वेळी सरकारनं एक अंदाज मांडला. देशातले सुमारे ४५ कोटी लोक या खेळांमध्ये वर्षाला जवळपास २० हजार कोटी रुपये गमावतात, असा तो अंदाज. हे झालं गेलेल्या पैशाचं. घर मोडलं, नोकरी गेली, मुलांची फी भरायची राहिली, कुणी जीव दिला, याचा हिशेब आपल्याकडे अजून नीट कुणी मांडलेला नाही. जगातही हे काम उशिराच सुरू झालं.

नुकसान माहीत नव्हतं असं अजिबात नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या चौतिसाव्या सूक्तात जुगारी स्वतः बोलतो. सासू त्याचा द्वेष करते, बायको दूर लोटते. कर्जापायी तो रात्री भीतभीत दुसऱ्याच्या घराकडे वळतो. आता खेळायचं नाही असं ठरवतो आणि फाशांचा आवाज कानी पडताच पुन्हा तिकडे जातो. घरच्यांबद्दलची ओळ तर फार कठोर आहे: 'पिता माता भ्रातर एनमाहुर्न जानीमो नयता बद्धमेतम्'. आईबाप आणि भाऊ म्हणतात, आम्ही याला ओळखत नाही, बांधून घेऊन जा. आज व्यसनमुक्ती केंद्रात पहिल्या भेटीत जे विचारतात, म्हणजे कर्ज, नात्यांतला दुरावा, थांबण्याचे फसलेले प्रयत्न, ते सगळं या सूक्तात आहे.

सर्वोच्च न्यायालयानं १९५७मध्ये या सूक्ताचा आधार घेतला. शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धा चालवणाऱ्या चमारबागवाला यांच्या विरोधात मुंबई राज्याचा खटला होता. सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनी ऋग्वेद आणि महाभारताचे दाखले देऊन निकाल दिला, की जुगार हा राज्यघटनेनं संरक्षण द्यावं असा व्यापारच नाही. त्याच काळातल्या आणखी एका निकालातून कौशल्याचे खेळ वेगळे ठरले, त्यांना मोकळीक मिळाली. पुढे १९६७मध्ये रमी आणि १९९६मध्ये घोड्यांच्या शर्यती कौशल्याच्या बाजूला गेल्या. मोबाइलवरचा रमी आणि फँटसी क्रिकेटचा धंदा उभा राहिला तो याच भेदावर. कायद्याचा प्रश्न होता, खेळात नशीब किती आणि बुद्धी किती. खेळणाऱ्याचं काय होतं, हा प्रश्न त्यात नव्हता.

त्याआधीचा कायदाही पाहायला हवा. १८६७चा सार्वजनिक जुगार कायदा आणि १८८७चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा, दोन्हींचा भर अड्डा चालवणारा आणि अड्ड्यावर सापडलेला माणूस यांच्यावर होता. मटक्याच्या कारवाईच्या बातमीत आजही 'कलम १२ (अ)' असतं, ते या १८८७च्या कायद्यातलं. एकशे तीसहून जास्त वर्षं आपण जुगाराकडे पोलिसी कारवाईची बाब म्हणून पाहत आलो, आणि माझ्या मते आपल्याकडच्या संशोधनाची वाट तिथेच अडली.

मटका याचं सगळ्यात मोठं उदाहरण आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडण्याचे आणि बंद होण्याचे भाव टेलिप्रिंटरनं मुंबईत येत आणि त्यांवर लोक पैसे लावत. १९६१मध्ये न्यूयॉर्कहून भाव येणं थांबलं. धंदा मात्र थांबला नाही. कच्छहून आलेल्या कल्याणजी भगत यांनी १९६२मध्ये वरळी मटका सुरू केला आणि दोन वर्षांनी रतन खत्रींनी आपला वेगळा. कधी मटक्यातून चिठ्ठ्या काढून, कधी पत्ते काढून आकडा जाहीर होई. तीन पत्त्यांची बेरीज करायची, तिचा शेवटचा अंक घ्यायचा, तो ओपन. काही तासांनी तसाच क्लोज. दोन्ही मिळून जोडी. गिरणगावात परळ-लालबागच्या चाळींपासून वरळीपर्यंत आकडा लावणं हा रोजचा व्यवहार झाला, कारण रुपया-दोन रुपयेही चालत. १९८२च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे बंद पडत गेले, तरी आकडा सुटला नाही.

हिशेब उघड होता. अंक दहा, आणि बरोबर आलेल्या अंकावर साधारणपणे रुपयाला नऊ रुपये. सोडत अगदी प्रामाणिक धरली तरी लावलेल्या प्रत्येक शंभरातले दहा रुपये सरासरीनं बुकीकडे राहणार. हे न कळण्याइतके गिरणी कामगार भोळे नव्हते. मग लोक का लावत राहतात? या प्रश्नाकडे मानसशास्त्र वळलं ते अमेरिकेत.

रॉबर्ट कस्टर या मनोविकारतज्ज्ञानं १९७२मध्ये ओहायोतल्या ब्रेक्सव्हिल इथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात जुगाऱ्यांना दाखल करून घेऊन उपचार करायला सुरुवात केली. त्याआधी १९५७पासून लॉस एंजेलिसमध्ये जुगाऱ्यांचा स्वमदत गट होता, पण वैद्यकाच्या दृष्टीनं ही स्वभावाची खोट होती. कस्टर यांच्या पाठपुराव्यानं १९८०मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं निदानाच्या अधिकृत यादीत जुगाराच्या विकाराला जागा दिली, तीही आवेगावर ताबा नसण्याच्या विकारांत. दारू आणि अफूच्या शेजारी, म्हणजे व्यसनांमध्ये, तो आला २०१३मध्ये. कोणताही पदार्थ शरीरात न जाता व्यसन जडू शकतं, हे मान्य करायला तेहतीस वर्षं गेली.

त्या मधल्या काळात मेंदूचा अभ्यास पुढे गेला होता. केंब्रिजमधल्या ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी २००९मध्ये दाखवलं, की थोडक्यात हुकलेल्या डावानं मेंदूतल्या जिंकल्यावर जाग्या होणाऱ्या भागांतही हालचाल होते. खेळणाऱ्याला वाईट वाटतं आणि तरीही पुन्हा खेळावंसं वाटतं. हे वाचताना मला जोडी आठवते. ओपन बरोबर आला, आता फक्त क्लोज यायचा, आणि मध्यरात्रीपर्यंत डोळ्याला डोळा नाही. क्लोज एका अंकानं हुकला की माणूस हरलो म्हणत नाही, 'थोडक्यात गेला' म्हणतो आणि उद्याचा आकडा शोधतो. प्रयोगशाळेला जे नंतर सापडलं ते मटक्याच्या रचनेतच बसलेलं होतं.

आजार म्हणून ओळख मिळाल्यानं उपचार मिळाले, हे मोठं काम झालं. पण त्याची एक किंमत होती. दोष काही मोजक्या 'रोगी' माणसांचा ठरला, बाकीचे मजेत खेळतात असं गृहीत धरलं गेलं. 'जबाबदारीनं खेळा' ही जाहिरातीतली सूचना या विचाराला अगदी सोयीची आहे. ऑस्ट्रेलियातून त्याला मोठा धक्का बसला. तिथल्या उत्पादकता आयोगानं २०१०मध्ये सांगितलं, की जुगाराच्या यंत्रांवर खर्च होणाऱ्या पैशातला सुमारे ४० टक्के वाटा गंभीर समस्या असलेल्या खेळाडूंचा असतो. म्हणजे ज्यांचं नुकसान होतं, त्यांच्या जोरावरच धंदा चालतो. व्हिक्टोरिया राज्यातल्या २०१६च्या अभ्यासात एकूण हानीचा मोठा भाग गंभीर गटाबाहेरच्या, कमी आणि मध्यम धोक्याच्या लोकांत निघाला, कारण त्यांची संख्या खूप मोठी. एका गंभीर जुगाऱ्याची झळ साधारण सहा इतर माणसांना बसते, असा अंदाज २०१७मध्ये पुढे आला.

पुढचे अभ्यास आणखी अस्वस्थ करणारे आहेत. स्वीडनमधल्या २०१८च्या अभ्यासात जुगाराच्या विकाराचं निदान झालेल्यांत आत्महत्येनं होणारे मृत्यू सर्वसाधारण लोकसंख्येच्या पंधरा पट निघाले. हे रुग्णालयापर्यंत पोचलेले लोक होते, सगळे जुगारी नव्हेत, हे लक्षात ठेवलं तरी आकडा भयंकरच आहे. ब्रिटनमध्ये २०२१मध्ये लाखो बँक खात्यांचे व्यवहार तपासले गेले. सर्वाधिक जुगार खेळणाऱ्यांत मृत्यूची शक्यता सुमारे एक तृतीयांशानं जास्त दिसली. यातून जुगारच मृत्यूचं कारण असं सिद्ध होत नाही, पण 'थोडंफार खेळलं तर काय बिघडतं' हे म्हणणं टिकत नाही. 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या सार्वजनिक आरोग्य आयोगानं २०२४मध्ये जगातल्या सुमारे ८ कोटी प्रौढांना गंभीर समस्या असल्याचा अंदाज दिला आणि सरकारांना सांगितलं, की तंबाखू-दारूसारखाच हा आरोग्याचा विषय आहे.

भारतात काम थोडं आणि विखुरलेलं आहे. केरळमधल्या महाविद्यालयांत साडेपाच हजारांहून जास्त विद्यार्थ्यांच्या पाहणीत सुमारे सात टक्क्यांना जुगाराची समस्या असल्याचं २०१६मध्ये प्रसिद्ध झालं. गोव्यातल्या पुरुषांचा एक अभ्यास २०१९मध्ये आला, त्यात जुगाराबरोबर दारूचा विकार, कामावरच्या अडचणी आणि हिंसा यांचा संबंध दिसला. गोव्याचं महत्त्व वेगळंच आहे. १९९२मध्ये पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांना आणि १९९६मध्ये जहाजांवरच्या कॅसिनोंना तिथल्या कायद्यात वाट करून देण्यात आली. २०२०पासून स्थानिक गोवेकरांना कॅसिनोत प्रवेशबंदी करण्यात आली. आपल्या माणसांना धोका आहे हे कबूल करायचं आणि पाहुण्यांसाठी मांडवीतली जहाजं चालू ठेवायची, हे मला पटत नाही. बेळगावहून किंवा कोल्हापूरहून जाणाऱ्याचंही घर असतंच. महाराष्ट्रानं १९७६मध्ये कॅसिनोचा कायदा केला, तो कधीच अमलात आणला नाही आणि २०२३मध्ये रद्द केला. सरकारी लॉटरी मात्र १९६९पासून आहे.

२०२५च्या कायद्यानं कौशल्य आणि नशीब हा जुना भेद बाजूला ठेवला. पैसे लावले की खेळ बंदीत आला. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. १८८७च्या कायद्यात अड्ड्यावर सापडलेला माणूसही आरोपी होता, त्यामुळे हा बदल फार मोलाचा आहे. खेळणाऱ्याला आता पोलिसांची भीती न बाळगता डॉक्टरसमोर खरं बोलता येईल. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी फोन क्रमांक त्याला आणि त्याच्या घरच्यांनाही खुला आहे. तिथे येणाऱ्या फोनमधले किती जुगाराच्या कर्जातून आलेले आहेत, याची वेगळी नोंद ठेवून ती दरवर्षी प्रसिद्ध केली तरी हिशेबाला सुरुवात होईल.