ओव्हरटेक आणि टेकओव्हर : इंग्रजी फ्रेजल व्हर्बची पार्श्वभूमी

गाडी गाडीला ओव्हरटेक करते आणि कंपनी कंपनीला टेकओव्हर करते. शब्द तेच दोन, फक्त जागांची अदलाबदल. ‘अपसेट’ आणि ‘सेटअप’ यांचंही तसंच. हे चारही शब्द मराठीत आता इतके रुळलेत की त्यांच्याकडे कुणी थांबून बघत नाही. पण इंग्रजीच्या हजारेक वर्षांच्या वाटचालीतलं एक मोठं वळण या दोन जोड्यांत स्पष्ट दिसतं. ‘ओव्हरटेक’मध्ये दिशेचा शब्द क्रियापदाच्या आधी येऊन त्याला चिकटला आहे. ‘टेक ओव्हर’मध्ये तो क्रियापदानंतर सुटा उभा आहे. पहिली बांधणी जुनी, दुसरी नंतरची. आणि या दुसऱ्या बांधणीलाच फ्रेजल व्हर्ब म्हणतात.

संस्कृत शिकलेल्याला जुनी बांधणी परकी वाटणार नाही. प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार हा श्लोक अनेकांना पाठ असतो : धातू एकच, उपसर्ग त्याचा अर्थ बळाने दुसरीकडे ओढून नेतो. वेदांच्या भाषेत मात्र उपसर्ग धातूला असा बांधलेला नव्हता. उपसर्ग धातूच्या आधी येतात, असं सांगून झाल्यावर पाणिनीने लगेच पुढची दोन सूत्रं दिली : ‘छन्दसि परेऽपि’ आणि ‘व्यवहिताश्च’. म्हणजे वेदात ते धातूनंतरही येतात आणि मध्ये इतर शब्द घेऊन दूरही राहतात. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात ‘उप त्वाग्ने दिवेदिवे’ या ऋचेत ‘उप’ सुरुवातीला आहे आणि त्याचं क्रियापद ‘एमसि’ अगदी शेवटी. हे साम्य योगायोगाचं नाही, कारण दोन्ही भाषा एकाच मूळ कुळातल्या. इंग्रजी ‘अप’ हा संस्कृत ‘उप’चा भाऊबंद, ‘अपहरण’मधल्या ‘अप’चा भाऊबंद मात्र इंग्रजी ‘ऑफ’. पुढे संस्कृतने उपसर्ग धातूच्या आधी पक्का जोडून टाकला, इंग्रजीने तो शेवटी क्रियापदानंतर नेला.

जुन्या इंग्रजीतही आधी उपसर्गांचीच चलती होती. फरगिव्ह, अंडरस्टँड, ओव्हरकम, विथस्टँड हे त्या काळातले टिकून राहिलेले शब्द. ‘विथस्टँड’ म्हणजे तोंड देऊन उभं राहणं, कारण ‘विथ’चा तेव्हाचा एक अर्थ ‘विरुद्ध’ असा होता. पण यातल्या बऱ्याच उपसर्गांवर उच्चारात जोर नव्हता आणि जोर नसलेलं अक्षर झिजतं. ‘गे’ हा उपसर्ग झिजत नुसता ‘इ’ उरला आणि मग तोही गेला. क्रियापदाला दिशा द्यायचं काम मग कुणी करायचं? ते काम सुट्या शब्दांकडे आलं. त्याच काळात वाक्याची ठेवणही बदलत होती. मराठीसारखं क्रियापद शेवटी ठेवण्याची जुनी सवय मागे पडून ते कर्माच्या आधी येऊ लागलं, आणि दिशेचा सुटा शब्द क्रियापदानंतर राहिला. जर्मन आजही या दोन अवस्थांच्या मध्ये उभी आहे. ‘सोडून देणे’ या अर्थाचं क्रियापद कोशात ‘आउफगेबन’, वाक्यात मात्र ‘इश गेबे आउफ’.

७९३ साली इंग्लंडच्या लिंडिस्फार्न बेटावरच्या मठावर हल्ला झाल्यानंतर व्हायकिंगांची, म्हणजे स्कँडिनेव्हियातून येणाऱ्या दर्यावर्दी लढवय्यांची, ये-जा वाढत गेली आणि पुढे ते उत्तर व पूर्व इंग्लंडमध्ये वसले. त्यांच्या नॉर्स भाषेत दिशेचा शब्द क्रियापदानंतर टाकण्याची पद्धत आधीच रुळलेली होती, त्यामुळे इंग्रजीत सुरू असलेल्या बदलाला जोर मिळाला. आज फ्रेजल व्हर्बचा सगळ्यात जास्त भार वाहणारी ‘टेक’ आणि ‘गेट’ ही क्रियापदंच मुळात नॉर्स आहेत. पीटरबरोच्या मठातल्या बखरीत ११३२ सालच्या नोंदीत राजाने मठाधिपतीला मठ सोडायला लावल्याची हकिकत आहे आणि तिथे ‘गिव्ह अप’ हेच रूप वापरलंय. आपण आजही ते त्याच अर्थाने वापरतो.

१०६६ साली फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर दरबार आणि न्यायालय फ्रेंचच्या हाती गेलं, चर्चचं आणि विद्येचं लेखन लॅटिनमध्ये चाले. म्हणून एकाच कामासाठी दोन थर तयार झाले : पुट आउट आणि एक्स्टिंग्विश, कॅरी ऑन आणि कंटिन्यू, पुट अप विथ आणि टॉलरेट. हा फरक अर्थापेक्षा पोताचा आहे. ‘सहन करणे’ आणि ‘खपवून घेणे’ यांतला फरक ज्याला कळतो, त्याला ‘टॉलरेट’ आणि ‘पुट अप विथ’मधला फरक वेगळा शिकवावा लागत नाही. आपलं शिक्षण पुस्तकी इंग्रजीतून झाल्यामुळे आपण घरगुती बोलण्यातही ‘एक्स्टिंग्विश’ वापरतो आणि वाक्य अवघडून जातं.

व्याकरणकारांनी या क्रियापदांकडे बराच काळ फारसं लक्ष दिलं नाही. सॅम्युअल जॉन्सनने मात्र १७५५च्या कोशाच्या प्रस्तावनेत परकीयांना सगळ्यात जास्त अडचण इथेच येते हे ओळखलं आणि सेट ऑफ, सेट इन, सेट आउट अशी रूपं काळजीपूर्वक नोंदवल्याचं सांगितलं. ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव त्यानंतर खूप उशिरा, १९२५ साली लोगन पिअरसल स्मिथच्या पुस्तकातून पुढे आलं. ते सुचवण्याचं श्रेय त्याने ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांना दिलं. १९३०मध्ये सी. के. ऑग्डनने ८५० शब्दांचं ‘बेसिक इंग्लिश’ मांडलं. त्यात क्रियापदं फक्त १८. बाकीचा भार ‘गिव्ह अप’, ‘पुट इन’ अशा जोड्यांवर. शब्द कमी झाले, शिकणाऱ्याचं ओझं मात्र कमी झालं नाही, कारण प्रत्येक जोडीचा अर्थ वेगळा लक्षात ठेवावा लागतो.

हा इतिहास माहीत असला की रोजच्या वाक्यातले नियम पाठ करावे लागत नाहीत. ‘टर्न ऑफ द फॅन’ आणि ‘टर्न द फॅन ऑफ’ दोन्ही बरोबर. पण फॅनऐवजी ‘इट’ आलं की ‘टर्न इट ऑफ’ एवढंच चालतं, ‘टर्न ऑफ इट’ नाही. कारण इथला ‘ऑफ’ सुटा आहे, त्याच्यावर बोलताना जोर येतो आणि ‘इट’सारखा हलका शब्द त्याच्यानंतर टिकत नाही. ‘लुक आफ्टर हिम’मध्ये मात्र ‘आफ्टर’ पुढच्या नामाशी जोडलेला आहे, म्हणून ‘लुक हिम आफ्टर’ होत नाही. शंका आली तर ‘इट’ किंवा ‘हिम’ घालून वाक्य मोठ्याने म्हणून बघावं. जोराची आणखी एक गंमत : ‘चेक अप’ क्रियापद असेल तर जोर ‘अप’वर आणि शब्द दोन, नाम असेल तर जोर ‘चेक’वर आणि शब्द एक.

‘ईट अप’, ‘ड्रिंक अप’मध्ये वर काहीच जात नाही. इथला ‘अप’ काम पूर्ण झाल्याचं सांगतो, नेमका आपल्या ‘टाकणे’सारखा : खाऊन टाक, पिऊन टाक. ‘राइट डाउन’ला ‘लिहून घे’, ‘फाइंड आउट’ला ‘शोधून काढ’. ‘पुट ऑफ’साठी तर आपल्याकडे दिशेसकट ‘पुढे ढकलणे’ तयारच आहे. म्हणून फ्रेजल व्हर्बचा अर्थ एका शब्दात शोधू नये, मराठीच्या जोडक्रियापदात शोधावा.

चुकाही याच ठिकाणी होतात. मराठीत ‘लाइट ऑफ कर’ म्हणतात, त्यात क्रियापदाचं काम ‘कर’ करतं. तेच वाक्य इंग्रजीत नेताना ‘कर’ गळतं आणि ‘ऑफ द लाइट’ उरतं. तिथे ‘टर्न’ किंवा ‘स्विच’ लागतंच. ‘कोप अप विथ’ ही उलट दिशेची चूक. ‘कीप अप विथ’, ‘कॅच अप विथ’ कानावर असल्यामुळे ‘कोप’मागे ‘अप’ लागतो. तो नको, नुसतं ‘कोप विथ’ पुरे.

आणि ‘पासआउट’. लष्करी प्रशिक्षण संपवून बाहेर पडणं हा ‘पास आउट’चा ब्रिटिश अर्थ आपल्याकडे आला, खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची पासिंग आउट परेड सगळ्यांना माहीत आहे. तिथून तो कॉलेजात शिरला. भारताबाहेर मात्र ‘आय पास्ड आउट इन २०१५’ हे वाक्य वाचणाऱ्याला उमेदवार त्या वर्षी बेशुद्ध पडला असं वाटतं. परदेशी पाठवायच्या अर्जात तिथे ‘ग्रॅज्युएटेड’ लिहावं.